पावसाळ्यासाठी कोरलेलं गाव

देवनारचा डोंगर म्हटलं की मुंबईत कुणाच्याही डोळ्यांपुढे आधी कचऱ्याचा डोंगर येतो. 1927 पासून शहर तिथे आपला कचरा आणून टाकतंय. त्यामुळे आम्हा देवनारकरांना कुणी म्हणालं की, चला, नदीकाठानं जरा चालून येऊ, वाटेत धबधबे आहेत आणि शेवटी दोन हजार वर्षांचं जुनं गाव आहे, तर आम्ही लगेच गाडीत कोण कोण मावेल याचा हिशेब मांडतो आणि एक्स्प्रेसवेच्या कोंडीला मनातल्या मनात शिव्या घालतो. अशी जागा महापालिकेच्या हद्दीतच आहे, हे पटकन डोक्यातच येत नाही. घाटकोपरपर्यंत बस किंवा रिक्षा, तिथून मेट्रोनं पश्चिम द्रुतगती महामार्ग, पूल ओलांडून गुंदवलीला दुसरी मेट्रो, आणि उतरायचं ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकावर. या दुसऱ्या मेट्रोत बसल्यावर स्थानकांच्या नावांकडे जरा कान असू द्या. पोईसर येतं, मागाठाणे येतं. पहिलं एका नदीचं नाव, दुसरं एका गावाचं. या गावाचं नाव डोंगरातल्या एका कातळावर कोरलेलं आहे, आणि त्याच्याकडे आपल्याला यायचंच आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या मुंबईच्या चारही नद्या याच डोंगरांतून निघतात. शहरात उतरल्यावर त्यांची काय गत होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे आपण त्यांना नाला म्हणतो आणि 26 जुलै 2005 सारख्या दिवशी, जेव्हा सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाच त्या नद्या असल्याचं आठवतं. पण दहिसर नदी उद्यानाच्या आत असते तोवर खरोखरची नदी असते. तुळशी तलावाच्या परिसरात तिचा उगम, आणि मनोरीच्या खाडीला मिळेपर्यंतची तिची लांबी जेमतेम 12 किलोमीटर. त्यातला वरचा, जंगलातला भाग सगळ्यात देखणा. तळाशी गोल धोंडे, काठावर अर्जुनाची झाडं, आणि पाऊस दोन दिवस थांबला की तळ दिसेल इतकं नितळ पाणी.

तुळशीबद्दल एक आकडा सांगायचा मोह आवरत नाही. ब्रिटिशांनी 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी बांधून पूर्ण केला, तेव्हा मुंबईची तहान भागवायला ही मोठी तळी होती. तुळशीची क्षमता सुमारे 804 कोटी लिटर. आजची मुंबई एवढं पाणी जवळपास दोन दिवसांत संपवते. दरवर्षी तुळशी भरून वाहू लागला की वर्तमानपत्रात फोटो येतो आणि आपल्याला हायसं वाटतं, ते या दोन दिवसांच्या पाण्यावर.

प्रवेशद्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत, म्हणजे आपल्या त्या जुन्या गावापर्यंत, डांबरी रस्ता सहा-सात किलोमीटरचा. बस मिळते, सायकल भाड्यानं मिळते, पण गुडघे धड असतील तर चालावं. चढ सौम्य आहे, आजी-आजोबांनाही जमेल असा, आणि नदी बराच वेळ सोबत असते. कधी पुलाखालून जाते, कधी झाडीआड लपते आणि नुसती ऐकू येते. ज्याला रस्ता नको, पायवाटच हवी, त्यानं शिलोंड्याची वाट धरावी. ओढ्याच्या काठाकाठानं जाणारी, मध्येच पाण्यात पाय घालायला लावणारी ही वाट आहे. मात्र तिथे उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राची परवानगी आणि सोबत माहीतगार माणूस लागतो. हे जंगल बिबट्यांचं आहे, त्यामुळे अट अगदी रास्त आहे. वाटेच्या दुतर्फा कारवी. तिचं गणित आठ वर्षांचं: सात वर्षं नुसती पानं, आठव्या वर्षी सगळ्या उतारावर एकदम जांभळी फुलं, आणि मग बी टाकून सगळं झुडूप वाळून जातं. 2016 ला फुलली, 2024 ला फुलली. पुढच्या खेपेचं वर्ष ज्यानं त्यानं काढावं.

आता धबधब्यांकडे. हे डोंगर ज्वालामुखीतून झाले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पुन्हापुन्हा उसळला, थरांवर थर साचले. सगळे थर सारखे टणक नसतात. वरचा थर कडक आणि खालचा जरा भुसभुशीत असला, की ओढा खालच्या थराला आतून पोखरतो, वरचा थर छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि पाण्याला उडी मारायला कठडा मिळतो. पश्चिम किनाऱ्यावरचे कित्येक धबधबे असेच घडलेले. कान्हेरीला मात्र खडकाचीही एक गंमत आहे. लेण्याच्या भिंतीला नाक लावून पाहा. हा एकसंध काळा कातळ नाही. राखाडी-तपकिरी गाभ्यात लहानमोठे, टोकदार कडांचे दगडांचे तुकडे अडकलेले दिसतात, काही नखाएवढे, काही मुठीएवढे. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेले तुकडे राखेत रुतून बसले आणि सगळं मिळून दगड झाला. अजिंठ्याला गेलेल्या माणसाला कान्हेरीचं कोरीवकाम ओबडधोबड वाटतं, आणि तो कारागिरांना नावं ठेवून मोकळा होतो. असल्या खडकात बुद्धाच्या बोटांची पेरं कोरायची तर छिन्नी दर वितीला वेगळ्याच दगडावर आपटते. मला तर त्यांनी जे साधलं त्याचंच नवल वाटतं.

लेणी दोन टेकड्यांच्या कुशीत, मधल्या घळीच्या दोन्ही अंगांना आहेत. ही घळ ओढ्यानं कापली. हिवाळ्यात इथे नुसते धोंडे असतात, आणि पर्यटक त्यांवर बसून काकडी-कैरी खातात. जुलैत तीच जागा गर्जत असते. पाणी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आपटत खाली जातं आणि जिथे भोवरा फिरतो तिथे खड्यांना गरगर फिरवून कातळात गोल रांजणखळगे पाडतं. इथे एक सावधगिरीची गोष्ट, आणि तीही समजून घेण्यासारखी. हा सगळा उतार बहुतेक उघड्या कातळाचा. मातीत पाणी मुरायला वेळ लागतो; कातळावर ते मुरतच नाही. त्यात ओढ्याचं पाणलोट क्षेत्र लहान, म्हणजे टेकडीच्या माथ्यावर पडलेली सर काही मिनिटांत घळीत हजर. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी गुडघ्यावरून कमरेला आलेलं असतं. म्हणून मुसळधार पावसात रखवालदार घळीच्या कडेवरून हाकलतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये.

पण कान्हेरी पाहायची तर पावसाळ्यातच, या माझ्या म्हणण्यावर मी ठाम आहे. आणि त्याला धबधबा हे कारण नाही.

बौद्ध भिक्षू हा मुळात चालणारा माणूस. एका गावी फार दिवस मुक्काम करायचा नाही, असा नेम. त्याला अपवाद पावसाचा. पावसात भिक्षू हिंडले तर कोवळी पिकं आणि जीवजंतू पायाखाली येतात, अशी लोकांची कुरकुर बुद्धाच्या कानावर गेली आणि त्यानं नियम घालून दिला, असं विनयपिटक सांगतं: आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहायचं. हा वर्षावास. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरांना यात फार परकं काही वाटायचं नाही. सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या लेण्यांमागे ही एक साधी गरज आहे: पावसाचे महिने काढायला कोरडं छप्पर. आणि मुंबईचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरहून जास्त. गवताचं छप्पर यात किती वर्षं टिकणार? दगडाचं अजून गळत नाही. म्हणजे आपण डिसेंबरात, ऊन खात, ज्या खोल्यांतून फिरतो त्या ज्या ऋतूसाठी केल्या तो ऋतू आपण टाळलेला असतो.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारापासून पुढे हजारभर वर्षं कोरली गेलेली. एका डोंगरावर एवढ्या संख्येनं लेणी भारतात दुसरीकडे क्वचितच. त्यांना मी गाव म्हणतो, कारण गावाला जे लागतं ते सगळं इथे आहे. राहायच्या खोल्या, त्यांच्या ओसरीतले दगडी बाक, एकमेकांकडे जायच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या, सभेला जमायची आणि भोजनाची मोठी जागा, देवघर म्हणावं असं चैत्यगृह, आणि टोकाला, पुढे झुकलेल्या कड्याखाली, निर्वाण पावलेल्या भिक्षूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या लहान लहान स्तूपांची रांग. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या शोभना गोखले यांनी या भागातले स्मृतिलेख शोधून वाचले. कान्हेरीच्या कोरीव लेखांवरचा त्यांचा ग्रंथ 1991 चा. आणि गावाला सगळ्यात आधी लागतं ते पाणी.

भर पावसात एखाद्या साध्या, कुठलंही शिल्प नसलेल्या विहारापुढे, म्हणजे राहायच्या लेण्यापुढे, उभं राहा. मोठी, नामांकित लेणी नकोत, कारण तिथे माणसं मूर्तींकडे पाहत राहतात. आधी वर बघा. दर्शनी भागाच्या कपाळावर कातळातच कडा पुढे काढलेली असते, म्हणून पागोळ्या ओसरीच्या बाहेर पडतात. त्याही वर, उतारावर, बोटभर ते वीतभर रुंदीची पन्हळ आडवी खोदलेली. डोंगरावरून येणारं पाणी या पन्हळीत अडतं, ओसरीवरून न कोसळता कडेला सरकतं आणि एका बाजूनं खाली उतरतं. त्याच्या मागोमाग नजर नेली की अंगणाच्या कोपऱ्यात टाकं दिसतं. लेखांमध्ये याला पोढी म्हणतात, आणि गडकिल्ले हिंडणारी मंडळी आजही हाच शब्द वापरतात. पोढीचं तोंड लहान, चौकोनी, माणूस वाकून घागर बुडवू शकेल एवढंच. आतली पोकळी मात्र खडकात लांब आत गेलेली. तोंड लहान ठेवल्यानं ऊन आत जात नाही, पाणी कमी उडून जातं आणि अंधारात शेवाळही फारसं धरत नाही. अंगणाच्या जमिनीत गोल भोकं दिसतील. ती मांडवाचे खांब रोवण्यासाठी. दगडी घराला वर्षातून काही महिने पुढे लाकडी पडवी लागत असणार, हे त्या भोकांवरून कळतं.

आता हिशेब करू. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद कातळ घ्या, म्हणजे एका मध्यम लेण्याच्या माथ्यावरचा उतार. त्यावर हंगामात दोन मीटर पाऊस पडतो. म्हणजे दोनशे घनमीटर, अर्थात दोन लाख लिटर. एका भिक्षूला पिण्याला, भांडी आणि हातपाय धुण्याला दिवसाला वीस लिटर धरा; कोरड्या आठ महिन्यांचे होतात साधारण 4,800 लिटर. निम्मं पाणी वाहून गेलं, आणखी थोडं उडालं, तरी तेवढ्याशा कातळानं पंधरा-वीस माणसं वर्षभर जगवावीत. अडचण पाणी पडण्याची नव्हतीच. ते ठेवायला जागा करण्याची होती, आणि ती जागा छिन्नीनं, टोकदार तुकड्यांनी भरलेल्या त्या खडकात करायची होती. म्हणून इथे टाकं दान करणं हे लेणं दान करण्याच्या तोडीचं पुण्य मानलं गेलं.

तशा दानाचा एक लेख पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळच्या टाक्यापाशी आहे. झिजलाय, अक्षरं तुटलीत, पण दुसऱ्या शतकातलं पश्चिम भारताचं राजकारण त्यात मावलंय. टाकं दिलं शतेरक नावाच्या अमात्यानं. तो सांगतो की आपण सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा विश्वासू. ही राणी कार्दमक राजघराण्यातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. पित्याच्या नावातलं पहिलंच अक्षर उरलंय, ‘रु’, आणि अभ्यासक ते रुद्रदामन असंच वाचतात. सातवाहन आणि क्षत्रप ही दोन घराणी कोकण आणि घाटवाटांच्या व्यापारासाठी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी भिडलेली. रुद्रदामननं इसवी सन 150 च्या सुमारास जुनागडच्या शिळेवर लांबलचक संस्कृत लेख कोरून घेतला. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून समूळ नाश केला नाही. हे नातं कसलं, याचं उत्तर कान्हेरीच्या टाक्यावर मिळतं. मात्र हरलेला सातकर्णी आणि लेकीचा नवरा हे एकच की दोघे, यावर अभ्यासकांची जुनी भांडणं आहेत. मला यातली दुसरीच गोष्ट जास्त भावते. जुनागडचा तो लेख आहे वादळात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधल्याबद्दल. बाप तिकडे धरण दुरुस्त करतो, लेकीच्या दरबारातला अमात्य इकडे डोंगरात टाकं खोदून देतो. आणि आजूबाजूचे लेख प्राकृतात असताना हा मात्र संस्कृतात, बहुधा माहेरच्या वळणाचा.

आता मागाठाणे. कान्हेरीच्या एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातलं शेत संघाला दिल्याचं नोंदलंय. तेच हे मागाठाणे, बोरिवली पूर्वेचं, जिथे आज बसचं आगार आणि मेट्रोचं स्थानक आहे. शेत कशाला? तर लेणं एकदा कोरून दिलं की भागत नाही, आत राहणाऱ्याचा खर्च कुणीतरी चालवायला हवा. त्यासाठी ‘अक्षयनीवी’ ठेवत: मूळ ठेवीला हात लावायचा नाही, उत्पन्नावर भागवायचं, बँकेतल्या मुदत ठेवीसारखंच. त्या उत्पन्नातून वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूला चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, आणि वहाणांसाठी पैसे द्यायचे, असे तपशील इथल्या लेखांत आहेत. वहाणांसाठी! पावसाळा संपला की माणूस पुन्हा चालू लागणार, हे दात्याच्या ध्यानात होतं. म्हणजे मागाठाण्याच्या खाचरात पिकलेल्या भातावर डोंगरातला पावसाळा निभत होता. मागाठाण्याला स्वतःचीही लहान लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या आसपासची. आज ती घरांच्या गर्दीत अशी बुजलीत की शेजाऱ्यालाही पत्ता विचारावा लागतो. पाहून येताना वाईट वाटतं.

दाते कुठून कुठून आलेले: कल्याण, सोपारा, नाशिक, चौल. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालहून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक इथे देणगी देऊन गेला. पुढे 1009 आणि 1021 मध्ये पारशी मंडळी डोंगर चढून आली आणि नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, त्याच्या ओसरीतले सात मीटर उंचीचे दोन बुद्ध आणि एक्केचाळिसाव्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कुणीही वाटाड्या दाखवतो, तेव्हा त्यांवर मी शाई खर्च करत नाही. फक्त एवढंच सांगतो की अकरा मुखं पाहायला जाताना अंगणातल्या टाक्यांकडेही एक नजर टाका. हजार-दोन हजार वर्षांनीही त्यांतली कित्येक दरवर्षी भरतात.

काही व्यवहाराचं. सोमवारी जाऊ नये, बंद असतं. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं वेगळं. पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा घट्ट पकडीचे बूट घालावेत. चपला घालून आलेला माणूस घसरतोच. डबा नेलात तर माकडांना तो तुमच्याआधी कळलेला असतो. परतताना जंगलातल्या पाड्यांवरच्या बायका टोपल्यांत जे घेऊन बसलेल्या असतात ते घासाघीस न करता घ्यावं.

काही वर्षांपूर्वी कान्हेरीचे अभ्यासक सूरज पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या जंगलात आणखी सात गुंफा सापडल्या. अगदी साध्या, निसर्गानं केलेल्या पोकळीला माणसानं थोडा आकार दिलेला. शिल्प नाही, स्तूप नाही, आणि पोढीही नाही. अभ्यासकांच्या मते इथे भिक्षू फक्त पावसाळ्यापुरते राहत असावेत. चार महिने दारातच पाणी वाहत असताना ते साठवायचं कशाला? हे बरोबर असेल तर मुख्य लेण्यांमधली टाकी वेगळीच गोष्ट सांगतात: एका पिढीतल्या भिक्षूंनी दसऱ्यानंतरही न निघायचं ठरवलं, आणि त्या दिवसापासून छिन्नी छपरावरून जमिनीकडे वळली. जुलैत जाल तेव्हा ओढ्याचा आवाज बाजूला ठेवून पन्हळीवर कान ठेवा, पाणी टाक्यात पडताना ऐकू येतं.